सरकारांचे तीन टाके

शिवणकामाच्या त्या दुकानात त्याला सगळे 'सरकार' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, पुढे तोंडावर म्हणायला लागले. खरं तर तो टोमणा होता. पण त्याला तो मान वाटला, आणि एकदा मान वाटल्यावर त्यानं तो वसूलही करायला सुरुवात केली. आई त्याला 'राजा' म्हणे. म्हणजे घरात राजा आणि दुकानात सरकार. मग प्रजा म्हणून उरलं कोण? त्याची थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयानं मोठी गिऱ्हाइकंसुद्धा.

हे सरकार जन्मले तेव्हा अगदी मूठभर होते. तान्हेपणीच पोटावर लहानसं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर आईला म्हणाले, "टाके सुकेपर्यंत याला रडू देऊ नका, ताण पडेल." टाके काय, पंधरा दिवसांत सुकले. आईनं मात्र ते पथ्य चालूच ठेवलं. पोराला दात आले, मिसरूड फुटलं, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, तरी त्याला रडू द्यायचं नाही या एका वाक्यावर त्या घराचा कारभार चालला होता. डॉक्टर बिचारे केव्हाच वारले.

ताईला पहिला धडा मिळाला तो बुद्धिबळाच्या पटावर. ती अकरा-बारा वर्षांची असेल, तो सहाचा. तिनं त्याला एकदा हरवलं. त्यानं पट उचलून तिच्या तोंडावर फेकला आणि लाकडी हत्ती तिच्या भुवईवर बसला. रक्त आलं ताईला आणि आईनं कडेवर घेतलं त्याला. "तू मोठी ना गं? हरलीस तर काय झिजणार आहे तुझं?" तेव्हापासून ताई हरायला लागली. हरायलाही अक्कल लागते. पटकन हरलं तर त्याला चिडवल्यासारखं वाटे, म्हणून बराच वेळ झुंज द्यायची, मग एक घोडा हकनाक घालवायचा, आणि डाव गेला की तोंड एवढंसं करून बसायचं. तो टाळ्या पिटत घरभर नाचे. भुवईवरचा व्रण कधी गेला नाही. तिथं केस उगवत नाहीत.

वडिलांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर म्हणजे शिंपीकामातले मास्तर. कापडावरची खडूची रेघ जरा हलली तरी त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसे. घरात काय वाकडं चाललंय ते मात्र ताटाला ताट लावून बसूनही दिसत नसे. "घरातलं तू बघ, दुकानातलं मी बघतो," अशी त्यांनी लग्न झाल्याझाल्या बायकोशी वाटणी करून टाकली होती, आणि पुढे जन्मभर त्या वाटणीच्या आड लपून बसले. हे वाक्य कडू लागेल. पण त्यांच्याबद्दल दुसरं गोड वाक्य शोधूनही सापडत नाही.

एकदाच मास्तरांचा हात उठला होता. ताई शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. दुपारी दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून तिचा डोळा लागला, आणि सरकारांनी मास्तरांची मोठी कात्री घेऊन तिची वेणी मानेपाशी कापली. एका फटक्यात. तो काप इतका सरळ होता की मास्तर धावत आले ते क्षणभर वेणीकडे न बघता कापाकडेच बघत राहिले. मग त्यांनी हात उगारला. आई मध्ये उभी राहिली. "लहान आहे तो! केस काय, वाढतील." मास्तरांचा हात खाली आला, तो कायमचाच.

पुढे ताईला स्थळ आलं. माणूस बरा होता, मोजकं बोलणारा. पाहुणे निघताना सरकार त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले आणि तोंड पाडून सांगून आले, "तुम्हाला फसवणं मला बरं वाटत नाही. ताईला फिट येतात." पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत. ते का फिरकले नाहीत हे त्यानंच आठवडाभरानं जेवताना खदखदा हसत सांगितलं. आई म्हणाली, "चेष्टा केली गं त्यानं. तू गेली असतीस तर त्याला करमलं नसतं." ताईनं पानातला भात संपवला, उठली, आणि मशीनवर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती जी बसली ती बसलीच. पुन्हा स्थळ आलं नाही, आलं असतं तर तिनं येऊ दिलं नसतं.

आता दुकानातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच फिरलं. कपडा पुरा झाला की शिवणारानं आतल्या खिशाच्या कडेला, अस्तरात, आपल्या रंगाच्या दोऱ्याची बारीक खूण घालायची. मास्तरांची पांढरी, ताईची लाल. कपडा तक्रार होऊन परत आला तर मास्तर ओरडत नसत, चौकशी करत नसत. कपडा उलटा करत, खूण बघत आणि ज्याची खूण त्याच्या हातात तो देत. त्यानं तो फुकट नीट करून द्यायचा. "माणूस खोटं बोलेल, खूण बोलणार नाही," असं ते म्हणत. गावात त्यांचं जे काही नाव होतं ते या खुणेवर होतं, आणि त्यांना आयुष्यात गर्व वाटावा अशी तेवढीच एक गोष्ट होती.

सरकार कामाला बसले ते पंचविशी उलटल्यावर, तेही दुसरीकडे कुणी ठेवून घेईना म्हणून. मास्तरांनी त्याला निळा दोरा दिला. त्यानं पहिला शर्ट शिवला. एक बाही पुढे, एक मागे, आणि कॉलर अशी बसवलेली की घालणारा कायम शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगतोय असं वाटावं. संध्याकाळी मास्तर फिरायला गेले, तेव्हा आई तो शर्ट पदराखाली धरून मागच्या खोलीत आली.

"ताई, एवढं जरा नीट करून ठेव गं."

"बाबांना दाखव की. ते शिकवतील त्याला."

"बाबांना दाखवलं तर मन मोडेल त्याचं. तू मोठी ना?" आणि दारापर्यंत जाऊन आई वळली. "खूण मात्र त्याचीच राहू दे हं. निळी."

उसवणं हे शिवण्याहून किचकट काम आहे. कापड न फाटू देता एकेक टाका ब्लेडच्या टोकानं उचलायचा, दोऱ्याची लव झटकायची, भोकं बुजावीत म्हणून वाफ द्यायची, आणि मग कुठं नव्यानं सुरुवात. ताईनं सगळं केलं, आणि शेवटी सुईत निळा दोरा ओवला. पहिल्यांदा ती खोटी खूण घालताना तिनं दोनदा दाराकडे पाहिलं. महिन्याभरात बघेनाशी झाली. दुकान खाली, घर वर, मध्ये लाकडी जिना. रोज संध्याकाळी ती मागच्या खोलीत उसवत बसली की जिन्यावरची एक पायरी करकरायची. आई असेल, पुरं झालं का ते बघायला आली असेल, असं ताईला वाटायचं. अशी वर्षं गेली.

बारा-चौदा वर्षं गेली, म्हटलं तरी चालेल. तेवढ्या काळात सरकारांनी दुकानातलं आणखी एक माणूस संपवलं. काजं-बटणं करणाऱ्या मावशी मास्तरांच्या उमेदीच्या काळापासून तिथं होत्या. त्या सरकारांना 'सरकार' म्हणत नसत, 'ए पोरा' म्हणत. तेवढाच त्यांचा गुन्हा. जेवायला बसताना त्या चष्मा काढून डबीत ठेवत. सरकार रोज त्या काचांवर मशीनच्या तेलाचं बोट फिरवून ठेवत. फार नाही, पुसलं तर पसरेल इतकंच. मावशी पुसत, पुन्हा पुसत, दिव्याजवळ सरकत. काजं वाकडी व्हायला लागली. एक दिवस त्या मास्तरांसमोर रडल्या, "डोळे गेले माझे, आता माझ्यापायी तुम्हाला बोल लागू देणार नाही," म्हणाल्या आणि निघून गेल्या. तेलाची गंमत सरकारांनी त्या रात्री आईला रंगवून सांगितली. आई हसली. ताई दुसऱ्या दिवशी मावशींच्या घरी सांगायला गेली, तर दाराला कुलूप; मावशी मुलीकडे परगावी गेल्या होत्या.

एवढ्या नीटसपणे दुष्टावा करणाऱ्या माणसाला साधी बाही कशी लावता येत नाही, हा प्रश्न ताईला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. घरच्या माणसाला आपण एकदा काय ते ठरवून टाकतो आणि पुन्हा बघत नाही.

गिऱ्हाइकांचं वागणं मात्र तिला अलीकडे खटकत होतं. लोक तिच्याशी मोठ्यानं बोलत. ती माप घ्यायला लागली की स्वतःच टेपवर वाकून आकडा वाचत. एक बाई तर जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काळजी घ्या हो, ताई." तिला वाटलं, केस पिकले की लोक असंच वागत असतील. ती घरी आरशासमोर उभी राहिली आणि पुढचे चार पांढरे केस आत दडवले.

मग मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला. एक दिवस जेवताना ते म्हणाले, "या महिनाअखेरीला मी कापणीचं टेबल सोडतोय."

त्या दुकानात कापणीच्या टेबलाशी जो उभा राहील तो मास्तर. मापं तो घेणार, कापड तो बेतणार, गिऱ्हाइकाशी तो बोलणार, रस्त्याकडे तोंड करून तो उभा राहणार. बाकीच्यांनी मशीनवर, रस्त्याकडे पाठ करून बसायचं. ताईला त्या टेबलाची आस होती. ती तिनं कधी लपवली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

"दोघांचं काम मी बघतो आहे," मास्तर म्हणाले. "लाल खुणेचा कपडा कधी परत आला नाही. निळ्या खुणेचाही आला नाही. दोघांचं काम सारखंच असेल तर मग मुलाकडे जावं, असं मला वाटतं."

आईनं सरकारांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. ताईचा घास तोंडाशीच थांबला. निळ्या खुणेचा कपडा परत आला नाही! येईल कसा? रोज संध्याकाळी पाठ मोडेपर्यंत बसून तिनंच तर त्याला आपल्या बरोबरीला आणून ठेवलं होतं. बुद्धिबळात निदान घोडा जायचा. इथं तिनं सगळा जन्म घातला होता. तिला स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली.

त्याच आठवड्यात गावातल्या बँडच्या प्रमुखांचा कोट शिवायला होता. लाल बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, सोनेरी गुंड्या. कापला मास्तरांनी, शिवला सरकारांनी. संध्याकाळी आईनं तो नेहमीसारखा आणून दिला. ताईनं उलगडून पाहिला. बाह्या मुंढ्यात, म्हणजे खांद्याच्या भोकात, कशाबशा कोंबलेल्या, मागची शिवण दोन-चार लांब टाक्यांवर लोंबत होती. बँडप्रमुखानं हात वर केला की कोटानं मान टाकलीच म्हणून समजा. आत निळी खूण होती, सरकारांनी स्वतः घातलेली, गबाळी.

"ठेव, बघते," ताई आईला म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ब्लेड उचललं नाही. कोट तसाच पुतळ्यावर चढवला आणि दुकानात उभा केला. प्रत्येक कोट द्यायच्या आधी सकाळी मास्तर पुतळ्यावर हात फिरवून बघत. त्यांच्या बोटांना ती बाही लागली की सगळं आपोआप झालं असतं. कोट तिथंच दुरुस्त झाला असता, गिऱ्हाइकाला कळलंही नसतं. निळा दोरा आणि वाकडी बाही मास्तरांना एकदा, एका कोटात दिसावी, एवढंच तिला हवं होतं. ती दिवा मालवून वर निघाली तेव्हा जिन्याची पायरी करकरली. वर पोचली तर आई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. हे तिच्या ध्यानात आलं आणि निघूनही गेलं.

सकाळी ती खाली आली तर पुतळा उघडा.

"राजा स्वतः नेऊन देतोय," आई कौतुकानं म्हणाली. "बाबांचा हात दुखतो ना, म्हणाला मीच जातो."

"बाबांनी बघितला कोट?"

"त्यांना सांगितलं त्यानं, ताईनं बघितलाय म्हणून."

सरकारांनी जन्मात कुणाच्या दारी सुईसुद्धा नेऊन दिली नव्हती. ताईनं चपला पायांत सरकवल्या. बँडप्रमुखांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. धावत गेली असती तर कोट अंगावर चढायच्या आत सांगता आलं असतं. ती दारापर्यंत गेली. तिथं तिच्या मनात आलं, येऊ दे परत. परत आला तर खूण बोलेल. आणि तिनं चपला काढून ठेवल्या. एका निरुपद्रवी माणसाची चारचौघांत शोभा होऊ द्यायला ती तयार झाली. तेवढी ती सरकारांच्याच घरातली होती.

दोन दिवसांनी बँडप्रमुख दुकानात आले. कोट हातावर टाकलेला, मिशा खाली आलेल्या. माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. तो दुखावला होता.

"मास्तर, बागेत कार्यक्रम होता. पहिलंच गाणं. मी दोन्ही हात वर केले आणि ही बाही सरळ कोपरापर्यंत खाली आली. पुढं बसलेले हसले ते हसले, माझी वाजवणारी माणसं थांबून हसायला लागली."

 मास्तरांनी कोट उलटा केला, दाराशी उजेडात नेला, आतला खिसा शोधला. ताई इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती.  आई जिन्याच्या पायथ्याशी आली होती. सरकार कोपऱ्यात सफरचंद खात होते.

मास्तर वळले. "ताई," ते म्हणाले, "खूण तुझी आहे."

"माझी?" ती पुढे झाली. "बाबा, हा कोट मी शिवलेला नाही."

"दोरा लाल आहे."

"जाऊ द्या हो, मास्तर," बँडप्रमुख म्हणाले. "मला कल्पना होती. तुमचा मुलगा मागेच बोलला होता."

"काय बोलला होता?"

बँडप्रमुखांनी ताईकडे बघायचं टाळलं. "हेच, की बाईंचे डोळे गेलेत. दिवसा शिवतात आणि संध्याकाळी हा बसून सगळं उसवून नीट करतो. बहिणीचं मन राखायला. अहो, सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला कौतुकच वाटायचं त्याचं."

खांद्यावर हात ठेवणाऱ्या त्या बाई ताईला आठवल्या. टेपवर वाकणारी गिऱ्हाइकं आठवली. सरकारांनी सफरचंद खाली ठेवलं आणि तोंड पाडलं. स्थळ मोडताना पाडलं होतं तसंच असणार ते.

"बाबा, मी तुम्हाला सांगणार नव्हतो. मन मोडलं असतं तिचं."

ताई फुटली. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "खोटं! उलट आहे सगळं! उसवते मी. याचा एकेक कपडा मी रोज उसवते आणि नव्यानं शिवते. याच्या नावावर जे गेलं ते माझ्या हातचं गेलं. निळी खूणसुद्धा मीच घालते, बाबा!"

 मास्तरांचा थरथरता हातही क्षणभर थांबला.

"निळी खूण तू घालतेस?"

"हो."

"कधीपासून?"

"हा कामाला बसला तेव्हापासून."

"म्हणजे इतकी वर्षं," मास्तर सावकाश म्हणाले, "माझ्या दुकानातून खोट्या खुणेचे कपडे गेले."

ताईला तेव्हा कळलं आपण काय बोलून बसलो ते. "आईनं सांगितलं म्हणून... आई, सांग ना गं बाबांना. तूच आणून द्यायचीस ना?"

आईनं एकदा मुलाकडे पाहिलं. मग खाली वाकून जमिनीवरची एक चिंधी उचलली आणि तिची घडी घालायला लागली. "मला काय कळतंय बाई तुमच्या दुकानातलं. मी आपली वर असते."

चाळीस वर्षं ज्याला रडू दिलं नाही, तो आत्ताही रडणार नव्हता. आईनं त्याची सोय केली होती.

"ठीक आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मग त्याला मशीनवर बसवा. आत्ता, सगळ्यांसमोर. ही बाही लावून दाखव म्हणावं. नाही येत त्याला, बाबा. त्याला काहीच येत नाही."

मास्तरांनी मानेनं खूण केली. सरकार उठले. पँटला हात पुसले, स्टूल ओढलं, कोट मांडीवर घेतला. उसवायला ब्लेडसुद्धा लागलं नाही, ते लांब टाके त्यानं नखानं ओढून काढले. बाही मुंढ्यात बसवली, चार ठिकाणी टाचण्या लावल्या, आणि पाय मशीनवर ठेवला. ताईनं नजर वळवली होती. पण मशीनचा आवाज कसा टाळणार? तो एका लयीत चालला होता. वळणावर हळू, सरळ रेषेत भरभर, मध्ये कुठं अडखळणं नाही. तिला आवाजावरूनच कळलं. असा आवाज फक्त मास्तरांच्या मशीनचा यायचा, त्यांचा हात धड होता तेव्हा.

सरकारांनी दोरा दातानं तोडला आणि कोट बँडप्रमुखांना घातला. "करा हात वर."

बँडप्रमुखांनी हात वर केला. बाही जागच्या जागी. सुरकुतीसुद्धा नाही.

"बघा!" आई जिन्याशी म्हणाली. "येतं की माझ्या राजाला!"

मास्तर ताईकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच वाईट होतं. "ताई, कोण कुणाचं उसवत होतं ते मला माहीत नाही. आता विचारावंसंही वाटत नाही. पण माझ्या दुकानात खोटी खूण कुणी घातली, ते तुझ्याच तोंडून ऐकलं." त्यांनी मोठी कात्री उचलली आणि टेबलावर मुलाच्या बाजूला ठेवली. "दुसरी बाही तू लाव. खूण तुझी आहे."

बँडप्रमुख घसा खाकरून म्हणाले, "मी संध्याकाळी माणूस पाठवतो," आणि घाईनं निघून गेले. दुसऱ्याच्या घरातलं असं काही दिसलं की भला माणूस घाई करतोच.

संध्याकाळी मास्तर फिरायला गेले नाहीत, वर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ताई मागच्या खोलीत कोट घेऊन बसली. जिन्याची पायरी करकरली आणि तिनं वर पाहिलं. सरकार कठड्यावर कोपर टेकून उभे होते. इतकी वर्षं आई नव्हतीच तर.

"तुला येत होतं," ताई म्हणाली.

"हं."

"पहिल्यापासून?"

"बाबा तुला शिकवायचे तेव्हा मी तिथंच असायचो ना."

"मग का रे? रोज? एवढी वर्षं?"

त्यानं खरोखर विचार केला. त्याला कुणी हे कधी विचारलं नव्हतं. "तू बसायचीस की," तो म्हणाला. "मी मुद्दाम बाही उलटी लावायचो आणि इथून बघायचो. तू कपाळाला हात लावायचीस, मग ब्लेड घ्यायचीस. बुद्धिबळात कशी मुद्दाम घोडा द्यायचीस, तशीच. मला कळायचं ते." तो जांभई देऊन वळला. "उद्या टेबल जरा पुसून ठेव. आणि बाही नीट लाव हं, नाहीतर मला लावावी लागेल."

पायरी पुन्हा करकरली, वर आईनं ताट मांडल्याचा आवाज आला. ताईनं कोटाची उरलेली बाही उसवली. एकेक टाका, कापडाला न दुखावता. मग आतल्या खिशाची कड उलटली आणि त्या रात्री सरकारांनी निळी काढून घातलेली ती लाल खूण बघितली. तिच्याच रिळाचा दोरा होता. तीन टाके होते, तांदळाच्या कण्यांएवढे, एका अंतराचे, एका ताणाचे, आणि गाठ अस्तराच्या घडीत अशी लपवलेली की बोटालाही लागू नये. तिनं खिडकीजवळ नेऊन पुन्हा पाहिले. तिच्या स्वतःच्या खुणेची गाठ नेहमी किंचित वर राहायची. मास्तर त्यावरून तिला हसायचे. आज त्यांनी नुसता रंग बघितला होता.

ब्लेड हातात होतं. बाही तिनं नव्यानं लावली, मागची शिवण पक्की करून वाफेनं बसवली, कोट घडी घालून बँडप्रमुखांच्या माणसासाठी काढून ठेवला. ते तीन टाके मात्र तिनं उसवले नाहीत. त्यांत उसवण्यासारखं काही नव्हतं.